बिनभोकाच्या बादलीतला वेल

माझं जालन्यात बी-बियाणं आणि खतं-औषधांचं दुकान आहे. दुसऱ्यांच्या झाडांना काय झालंय हे सांगणं हा माझा धंदा, आणि तो मी कित्येक वर्षं खुर्चीतून न उठता करत आलोय. सकाळी शटर वर गेलं की कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कपाशीचं एक पान घेऊन उभा असतो. "भाऊ, बघा बरं, काय पडलंय ह्याच्यावर." मी ते पान उजेडाकडे धरतो, उलटं करतो आणि चष्मा कपाळावर ढकलतो. चष्मा कपाळावर गेला की मला काहीच दिसत नाही, पण समोरच्याला धीर येतो.

या एका पानाच्या लोकांना कंटाळून मी दुकानात पाटी लावून घेतली: ‘रोग दाखवायचा असल्यास झाड मुळासकट आणावे. नुसत्या पानावर औषध मिळणार नाही.’ रंगाऱ्याकडून ‘मुळासकट’ हा शब्द मुद्दाम लाल करून घेतला. त्या पाटीच्या जिवावर मी पुष्कळांना परत पाठवलं. त्यात इथल्याच मस्तगड भागातले एक पानवाले चाचा होते. अंगणातल्या वांग्याचं पान घेऊन आले होते बिचारे. मी मान वर न करता नुसतं पेन पाटीकडे केलं. त्यांनी ती शांतपणे वाचली, पान घडी करून खिशात ठेवलं आणि गेले. हे चाचा लक्षात असू द्या. माझ्या लक्षात राहिले नव्हते, पण मी त्यांच्या बराबर लक्षात राहिलो होतो.

आता दादांचं. दादा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून वाटूरजवळच्या आमच्या शेतातल्या घरात एकटेच राहायचे. धाकटा भाऊ गावात राहतो, तो सकाळ-संध्याकाळ चक्कर मारायचा, दुपारी डबा आणून द्यायचा. मागच्या वर्षी दादा न्हाणीत घसरून पडले. मुका मार लागला, कुणाला सांगितलं नाही. या वर्षी पुन्हा पडले, आणि भाऊ दुपारी डबा घेऊन येईपर्यंत तसेच पडून राहिले. त्यानंतर आम्ही दोघा भावांनी एकच धोशा लावला की आता जालन्याला चला. दादा ऐकून घ्यायचे आणि मुकाट बैलांकडे निघून जायचे. बैल विकून झाल्यावरही गोठ्याकडे निघून जायचे.

त्यांचा जीव अडकला होता तो विड्याच्या पानाच्या वेलात. न्हाणीमागे आईने तो लावला होता. आंघोळीचं पाणी त्याला जायचं, वरून शेवग्याची सावली पडायची, वेल नुसता माजला होता. जेवण झालं की दादा उठून दोन पानं तोडायचे, एक आईला, एक स्वतःला. आई गेल्यावरही दोनच तोडत राहिले. एक खायचे, दुसरं बंडीच्या खिशात ठेवायचे. संध्याकाळी ते सुकलेलं पान वेलाच्याच बुडाशी टाकून द्यायचे.

भावाने शेतात नवं घर बांधायचं काढलं आणि पायाच्या आखणीत न्हाणी आली, तिच्यामागचा वेलही. पावसाळ्याच्या आत पाया भरायचा होता. मग एके दिवशी दादा आपणहून बोलले.

"वेल घेऊन चल जालन्याला. तिकडं लागला, तर म्या राहतो. न्हाई लागला, तर मला इथं आणून सोडायचं आन् पुन्हा जालन्याचं नाव काढायचं न्हाई. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो. मला वाटलं सुटलो. दुसऱ्यांची शेकडो एकर पिकं उभी करून देणारा माणूस मी, मला एक वेल काय जड आहे. पण ठरलं होतं ते इतकं साधं होतं: वेल मेला की दादा परत त्या एकट्या घरात, आणि तिसऱ्यांदा पडले तर डब्याच्या वेळेची वाट बघत.

यानंतर मी जे जे केलं ते माझ्या गिऱ्हाइकाने केलं असतं तर मी त्याला दुकानात उभं केलं नसतं.

एक तर मी वेल काढला भर वैशाखात, टळटळीत बारा वाजता, कारण सकाळी निघायला मला उशीर झाला होता. खोदायला घेतला टिकाव. दादा बाजूला बाजेवर बसून म्हणत होते, "आरं हळू, मुळी तुटून राह्यली." मी म्हणालो, "दादा, हा माझा रोजचा धंदा आहे." झाड उपटणं हा माझा धंदा कधीच नव्हता, हे त्या क्षणी दोघांनाही माहीत होतं. लांब मुळ्या तटातट तुटल्या. वेल गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, आणि दादांना उकडतंय म्हणून चारही काचा खाली घेतल्या. वाटूर ते जालना सगळा रस्ता गरम वारं त्या पानांना थोबाडीत मारत होतं. वेलासोबत मी शेतातली काळी माती दोन पोती घेतली होती. आमच्या रानातल्या मातीचा आम्हाला भारी अभिमान. दुकानात मी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विकतो, पण आईचा वेल त्या भुसकटात लावायचा हे मला घरच्या माणसाला खानावळीत जेवायला घातल्यासारखं वाटलं. पोती मी तिसऱ्या मजल्यावर स्वतः चढवली. मग दोन दिवस मला चप्पल घालायला खाली वाकता येत नव्हतं.

कुंडी म्हणून घेतली रंगाची मोठी बादली. बायको म्हणाली, "तळाला भोक पाडा."

"भोक?" मी म्हणालो. "जालन्यात?"

ज्यांच्याकडे नळ रोज येतो त्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडे नळ येण्याचा दिवस असतो, आणि तो चुकला तर पुढचा दिवस कधी ते कुणाला माहीत नसतं. घरातली पातेली, टोप, कळशी, पिंप, सगळं भरून ठेवायचं. ज्या गावात गळक्या बादलीला लाख लावून लावून दोन पिढ्या वापरतात, तिथे धडधाकट बादलीला आपल्या हाताने भोक पाडायचं? माझा हातच धजेना. पाणी वाया जाणार नाही, जे देऊ ते वेलालाच मिळेल, असा मी हिशेब केला. तो हिशेब खरा ठरला. जे दिलं ते सगळं वेलालाच मिळालं.

राहिला उजेडाचा प्रश्न. आमच्या घराला खिडक्या आहेत, पण त्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. इतकी जवळ, की हात लांबवून मी तिच्यावर जाहिरात रंगवू शकतो. पुण्याला असलेल्या मुलीने घरात झाडं वाढवायचा दिवा कुरिअरने पाठवला. सोबत टायमर. सकाळी सहाला लागणार, संध्याकाळी सहाला बंद होणार. दिवा लावला तर सगळी खोली जांभळी. दादांचं धोतर जांभळं, दादांच्या मिशा जांभळ्या.

"वरातीतली लाइट हाय का ही?" दादांनी विचारलं.

"झाडाला ऊन लागतं ना दादा. हे ऊन आहे."

दादांनी त्या उन्हाकडे पाहिलं आणि डोळे मिचकावत म्हणाले, "आपल्याकडचं न्हाई वाटत."

उजेड जितका जवळ तितका चांगला या न्यायाने मी दिवा वेलाच्या टोकापासून एक वीत वर टांगला.

तिसऱ्या दिवशी वेलाने मान टाकली. पानं देठापासून खाली लोंबली. मी म्हणालो, जागा बदलली की असं होतं, चार दिवसांत उभा राहील. खरं म्हणजे हे बरोबर होतं. तेवढ्यावर मी थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण दुकानदाराला नुसतं थांबणं जमत नाही, थांबायची बाटली कुठे मिळत नाही. पाचव्या दिवशी मी ठरवलं की उजेड कमी पडतोय, आणि दिवा आणखी चार बोटं खाली घेतला. वरच्या पानांच्या कडा पांढुरक्या पडून कुरकुरीत झाल्या. मग मी निदान बदललं, हे अन्नद्रव्यांची कमतरता. दुकानातलं टॉनिक आणलं, बाटलीवर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट दिलं. गिऱ्हाइकांना मी नेहमी बजावतो, जास्त देऊ नका, जळेल. पण ते परक्यांच्या पिकाला. घरच्या माणसाला वाढताना हात आखडत नाही. पानं पिवळी पडली तेव्हा बुरशीनाशक फवारलं. घरभर वास सुटला, बायको दोन दिवस तोंडाला पदर लावून पोळ्या करत होती.

"तुम्ही दुकानात पण असंच करता का?" तिने पदराआडून विचारलं.

"असंच म्हणजे?"

"म्हणजे शेल्फावरच्या क्रमाने."

दादा सकाळी दिवा लागला की वेलासमोर खुर्ची ओढून बसायचे. एकदा नुसतं म्हणाले, "त्याला करमत न्हाई इथं." आणि त्यांनी ते वेलाबद्दल म्हटलं की कुणाबद्दल, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्याच दुपारी त्यांनी आपली कापडी थैली काढली. दोन धोतरं, टॉवेल, चष्म्याचं घर, अडकित्ता, सगळं नीट भरून थैली दाराजवळच्या खुंटीला लावली. "रविवारी परतूरची एस्टी हाय सकाळची," म्हणाले. "तू दुकान सोडून यायची गरज न्हाई. वाटूरला उतरून घेतो म्या."

तो शुक्रवार होता.

शनिवारी मी वेलाचं एक पान तोडलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि मस्तगडात चाचांच्या टपरीवर गेलो. जन्मभर पानातच गेलेला माणूस, त्याला कळेल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणा दुकानदाराकडे जायची लाज वाटत होती. मी पिशवी पुढे केली. "चाचा, बघा बरं, काय झालंय ह्याला."

चाचांनी चुन्याचा हात फडक्याला पुसला. पान बाहेर काढलं, उजेडाकडे धरलं, उलटं केलं. मग हळूच पिशवीत परत घालून माझ्या हातात दिलं.

"जड दिखाव पहले, सेठ," म्हणाले. "नुसत्या पत्त्यावर दवा न्हाई मिळत. तुमच्याच दुकानात लिहेला हाय. लाल रंगात."

टपरीवरचे दोघे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. पण चाचा हसले नव्हते. "हसायचं न्हाई बोलून राह्यलो मी," ते म्हणाले. "मूळ बघितलं का तुमी?"

नव्हतं बघितलं. दोन आठवड्यांत चार रोगांची नावं घेतली, पण बादली उलटी केली नव्हती. हे आता लिहिताना सोपं वाटतं, की विसरलो. विसरलो नव्हतो. आईच्या हाताने लावलेला वेल उपटून बघायचा, आणि खाली काहीच जिवंत नसलं तर? पान पिवळं आहे तोवर रोग आहे असं म्हणता येतं. दुकानात जे लोक एकच पान घेऊन येतात, ते आळशी असतात असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्यातल्या निम्म्यांना तरी माझ्यासारखीच भीती वाटत असणार. शेत उपटून बघायला कुणाला आवडतं?

मी चाचांना सगळं सांगितलं, दादांच्या थैलीसकट. त्यांनी विचारलं, "लाइट किती जवळ?" मी वीतभरही नसेल इतकं अंतर दाखवलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "पानाला परदा पाहिजे बाबा. पानमळ्यात शेवरीच्या सावलीत असते ती. तुमी तिला तंदूरमधे बसवली." मग म्हणाले, "जल्दी घरी जावा. बुड सडलं असंल तरी वरती कांडी हिरवी हाय का बघा. हर एक पेऱ्यातून नवी जड निघते."

रविवारी सकाळी गॅलरीत जुना प्लास्टिकचा कागद अंथरला. दादा आंघोळ करून, टोपी घालून, एस्टीच्या तयारीत खुर्चीवर बसले होते. बायकोने बादली एका बाजूने धरली, मी दुसऱ्या. उलटी केली. आधी पाणी आलं. नुसतं पाणी, काळं, घाण वासाचं, तांब्या-दोन तांबे. मग आमची अभिमानाची काळी माती आली, एकजीव गोळा होऊन, बादलीच्या आकाराची. मुळ्या काळ्या, बुळबुळीत. मी एक चिमटीत धरली तर साल सुटून हातात आली.

"मी रोज एकच तांब्या घालत होतो," मी म्हणालो. "सकाळी सहाला, दिवा लागला की. बस्स."

बायको माझ्याकडे बघायला लागली. "मी पण घालत होते," ती म्हणाली. "तुम्ही दुकानात गेले की. तांदूळ धुतलेलं. मला वाटलं दादांना वाईट वाटतंय, तेवढंच बरं."

मग आम्ही दोघांनी दादांकडे पाहिलं. दादा गॅलरीबाहेर बघत होते.

"दादा?"

"सहाला लाइट आली की मला जाग येती," दादा म्हणाले. "लाइट आली की पाणी द्यावं वाटतंय."

आता हे परक्याला हसायला येईल, पण आमच्या रानातल्या माणसाला येणार नाही. मोटारीला लाइट कधी येईल त्याचा नेम नसतो. आली की हातातला घास ठेवून विहिरीकडे पळायचं, कारण गेली की पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. पिकाला तहान आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. लाइट आहे तर पाणी. दादांचं सगळं आयुष्य त्या हुकमावर चाललं. माझंही लहानपण. घरात बसवलेला तो जांभळा दिवा सहाला टक्कन लागायचा आणि आधी मी तांब्या ओतायचो, मी आंघोळीला गेलो की दादा आपला तांब्या घेऊन उठायचे. वर बायकोचं तांदळाचं. बादलीला भोक नाही. दिवा वरून भाजतोय, पाणी खालून बुडवतंय.

"म्हंजे आपण तिघांनी मिळून," दादा म्हणाले आणि थांबले. मग त्यांच्या जांभळ्या नसलेल्या मिशा जरा हलल्या. "अन् ह्यो दुकानात लोकांना शाणपण शिकवतोय."

मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दादा खुर्चीवरून उतरून कागदावर बसले. बोटांनी वेल चाचपत वर गेले. बुडाची कांडी मऊ पडली होती. वर हातभर तीन-चार पेरं हिरवी होती, त्यांना केसाएवढ्या पांढऱ्या मुळ्या फुटायच्या बेतात होत्या. त्यांनी अडकित्ता मागितला. तो थैलीत होता. बायकोने थैली खुंटीवरून काढली, आत हात घालून अडकित्ता दिला, आणि थैली परत खुंटीला लावली नाही, आत नेऊन ठेवली. मी हे पाहिलं, दादांनीही पाहिलं. दादांनी तीन कांड्या कापल्या. अडकित्त्याने वेल कापायचा नसतो हे मला माहीत होतं, दुकानात कात्र्या टांगलेल्या आहेत. पण मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

या वेळी तीन लहान मातीच्या कुंड्या आणल्या, तळाला भोक असलेल्या, खाली ताटल्या. माती भुसभुशीत केली: वाळू, कुजलेलं शेणखत, कोकोपीट. दादा म्हणाले, "एक मूठ आपली टाक." एक मूठ टाकली. दिवा हातभर वर घेतला आणि खाली हात धरून बघितलं, हाताला ऊब लागायला नको. पडदा म्हणून दादांनी स्वतःचं पातळ उपरणं काढून दिलं, ते दिव्याखाली बांधलं. पाणी फक्त दादा देणार. तेही बोट मातीत खुपसून, बोट कोरडं निघालं तरच. आम्हा दोघांना कुंडीला हात लावायची मनाई.

पहिल्या सोमवारी सहाला दिवा टक्कन लागला. मी पलंगावर उठून बसलो, पाय खाली सोडले. दारातून बघितलं तर दादाही आपल्या अंथरुणावर उठून बसलेले. दोघं एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी ते म्हणाले, "झोप. ओली हाय अजून." मी झोपलो.

एस्टीचं त्या रविवारी कुणी नाव काढलं नाही. पुढच्या रविवारी मात्र दादांनी काढलं. दोन कांड्या गेल्या होत्या. एक काळी पडली, एक नुसती वाळली. तिसरी तशीच होती, ना जिवंत ना मेलेली. "अजून लागला म्हणता येत न्हाई," दादा म्हणाले. "पण मेला पण न्हाई. बोलीप्रमाणं थांबावं लागंल." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच म्हणाले. मी दुकानात फार खुशीत असायचो. एका गिऱ्हाइकाला तर नुसत्या पानावर सल्ला दिला, चष्मा डोळ्यांवर ठेवून.

तिसऱ्या कांडीला पावसाळा लागता लागता कोंब आला. करंगळीच्या नखाएवढं पान, तेलकट, तांबूस. काही दिवसांनी ते तळहाताएवढं झालं. त्या दुपारी जेवण झालं, दादा उठले, कुंडीजवळ जाऊन उभे राहिले. बायकोने कात-सुपारी काढून ठेवली होती. मला वाटलं आता तोडणार, म्हणजे लागला असं ठरणार, आणि मग पुढचं काय ते ठरणार. दादांनी ते पान दोन बोटांत धरलं, अंगठ्याने हळूच पुसलं आणि सोडून दिलं.

"तोडत नाही?" मी विचारलं.

"दुसरं येऊ दे."

ते येऊन बसले. मग मला म्हणाले, "तोवर त्या चाचाकडून आण ना पान. दोन आण."

दुसऱ्या दिवशी बायकोने बाजारातून आणलेले कांदे दादांच्या त्या थैलीत भरून ठेवले. दादांनी थैलीकडे एकदा पाहिलं, खाली वाकून एक कांदा दाबून बघितला आणि म्हणाले की वाटूरच्या बाजारात यापेक्षा चांगले कांदे मिळतात.